पांढऱ्या भिंतीचा जाब

दादा, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. विहारासमोरच्या मंडपात एकामागून एक माणसं उठली आणि सगळ्यांनी तुला चांगलं म्हटलं. पुरातत्त्व खात्याचे साहेब नाशिकहून जीप घेऊन आले होते. ते म्हणाले, इतका प्रामाणिक चौकीदार मी दुसरा पाहिला नाही. प्रामाणिक हा शब्द कानावर पडला आणि मी चपला पायात सरकवून मंडपाबाहेर आलो. लोकांना वाटलं, धाकट्याला रडू आवरेना. मला रडू येत नव्हतं. मला साहेबांच्या हातातला माइक ओढून घ्यावासा वाटत होता.

गेलेल्या माणसाशी भांडू नये अशी रीत आहे. पण तू होतास तेव्हा तरी मला नीट भांडू कुठं दिलंस? मी आवाज चढवला की तू खाकी टोपी डोक्यावर ठेवायचास आणि टेकडीची वाट धरायचास. दिल्लीला एशियाड झालं त्या वर्षापासून आपण एका पंगतीला बसलो नाही. एका आईच्या पोटचे दोघे भाऊ, आणि मधे एक भिंत. परवा छातीत दुखतंय म्हणालास आणि जीपमध्ये बसवेपर्यंत गेलास. पुन्हा निसटलास. म्हणून आता लिहून भांडतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण पर्यटकांना सांगताना तू ते नेहमी अर्धंच सांगायचास.

नाशिकहून पेठकडे निघालं की घाटाच्या अलीकडे उजव्या हाताला आपली टेकडी, आणि तिच्यावर ती चौकी. कंपनी सरकारने घाटावर नजर ठेवायला बांधलेली. शिपायांची एक लांब खोली, तिला लागून दारूगोळ्याची छोटी खोली, पाण्याचं टाकं, आणि जाड दगडी भिंतीत बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवलेली भोकं, जंग्या. पुढं पलटण हलली, इंग्रज गेले, निम्मी कौलं उडाली. टेकडीच्या पायथ्याला आपली वस्ती तेवढी राहिली. आपली माणसं इथं आली ती पलटणीबरोबरच, असं बाबा सांगायचे. आपला पणजा सोननाक हा त्या चौकीतल्या शेवटच्या तुकडीतला शिपाई. चौकी सोडायच्या दिवशी त्या तुकडीतल्या बारा जणांनी आतल्या मागच्या भिंतीवर आपापली नावं कोरली, सगळ्यात आधी सोननाकने. आजोबांनी ती लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती म्हणे. पणज्याचा पेन्शनीचा कागद पणजीने कुडाच्या भिंतीत खोचून ठेवला होता, तो वाळवीने खाल्ला. म्हणजे आपल्या घराण्याकडे पुरावा म्हणून उरली ती फक्त भिंत.

आणि त्या भिंतीचं आपण काय केलं? वर्षातून एकदा सगळी वस्ती वर जाऊन चौकीला आतून चुना द्यायची. आधी हे दसऱ्याला व्हायचं. धर्मांतर झाल्यावर बाबांनी दिवस बदलून बुद्धपौर्णिमेचा केला. घरातले देव नदीत सोडले, पण चौकी सोडली नाही. चार दिवस आधी चुन्याची कळी भिजत घालायची, ती रांजणात खदखदायची, मग तिच्यात डिंक आणि चिमूटभर नीळ. बाया कुंचे मारायच्या आणि बाबा बारा नावं पाढ्यासारखी म्हणायचे, आपण पोरं मागून म्हणायचो. पूर्वजांचा मान म्हणून पूर्वजांच्या नावावरच आपण वर्षानुवर्षं थर चढवत गेलो. हे फक्त आपल्या लोकांना सुचू शकतं. मी एकदा बाबांना विचारलं होतं की चुन्याखाली नावं दिसणार कशी. ते म्हणाले, दिसायला कशाला पाहिजेत, आत आहेत ना. तू तेव्हा कुंचा हातात धरून हसला होतास.

तुझं सगळंच वाईट होतं असं मी म्हणत नाही. चौकीच्या पायरीवर बसवून मला अक्षरं काढायला तूच शिकवलंस. तुझी एक खोड होती. शब्द लिहायच्या आधीच तू डोक्यावरची रेघ ओढून मोकळा व्हायचास आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचास, दोरीवर धुणं घालावं तसं. पुष्कळदा रेघ लांबायची आणि अक्षरं संपायची. मास्तर सगळ्या वर्गाला तुझी पाटी दाखवायचे. मी रेघ शेवटी ओढायला शिकलो. माझ्या ड्रॉइंगच्या परीक्षेला तू मला नाशिकला नेलंस, शाळेच्या फाटकाबाहेर दिवसभर उभा राहिलास, आणि बाहेर आल्यावर पहिलं विचारलंस ते जेवायचं. पुढं मी गंगापूर रोडला पत्र्याच्या टपरीत पेंटरचं दुकान टाकलं तेव्हा पहिली पाटी तू धरून उभा होतास. हे सगळं मला आठवतं, आणि म्हणूनच तुझा राग येतो. परक्या माणसाने हे केलं असतं तर मी दोन शिव्या घालून विसरलो असतो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. खात्याने चौकी संरक्षित स्मारक म्हणून ताब्यात घेतली. बाबा त्याआधीच गेले होते. तुला चौकीदाराची नोकरी लागली आणि आईने वस्तीत साखर वाटली. सोननाकचा पणतू पुन्हा चौकीवर, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. साहेबांनी पहिलाच हुकूम काढला तो चुना काढायचा. मूळ दगड दिसला पाहिजे, हा चुना मागाहून फासलेला आहे, म्हणाले. ते सांगायला तू मुद्दाम एसटीने नाशिकला माझ्या दुकानात आलास. मी शिडीवर होतो. तू खालूनच म्हणालास, "भिंती खरवडायच्यात. आता दिसतील नावं." तुझा तो चेहरा मी विसरलो नाही. इतका खूश मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मला लगेच निघता आलं नाही. अंबडच्या एका कारखान्याच्या फाटकावरची कमान रंगवायची होती. मी रविवारी आलो, धावतच टेकडी चढलो. खोलीच्या तीन भिंती काळ्याभोर उघड्या पडल्या होत्या. चौथी, मागची, पांढरी होती. आणि नुसती पांढरी नाही, चुना ओला होता. मी विचारलं, हे काय. तू टाक्यावर हात धूत होतास. मागे न बघता म्हणालास, "काय नाय तिथं." मग म्हणालास की साहेबांनी एक भिंत नमुना म्हणून तशीच ठेवायला सांगितली आहे, लोकांना जुनी रीत दिसावी म्हणून. मग चुना ओला कसा, असं विचारलं तर म्हणालास, पोपडे पडले होते, हात फिरवला. मजुरांना मी वस्तीत गाठून विचारलं. ते म्हणाले, तीन भिंती आम्ही केल्या, चौथीच्या दिवशी तुझ्या भावाने आम्हाला घरी पाठवलं.

आणि खाली घरी आलो तर आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, आणि तिचा चेहरा माझ्या दुकानात तुझा होता तसाच खुललेला. तिने मला जवळ बसवून हळूच सांगितलं, "हायेत नावं. दादानं बघितली. पुन्हा झाकून ठिवली, कुणाला बोलू नको." उघडी पडली तर सरकार दगड काढून नेईल, अशी तिला भीती होती. गावच्या वेशीवरचा वीरगळ असाच जीपमध्ये घालून नेला होता, तो पुन्हा कुणी पाहिला नाही.

आता तूच सांग, मी काय समजायचं? आईला एक सांगतोस, मला दुसरं सांगतोस. मी पेंटर, तोंडाचा फाटका, नाशिकात दहा लोकांत उठबस. मला खरं कळलं तर मी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाईन, साहेबांना अडचण होईल, आणि तुझी नोकरी धोक्यात येईल. म्हणून मला काहीच नाही म्हणून सांगितलंस. मी असं धरून चाललो, आणि इतकी वर्षं माझ्या मनाला दुसरं कधी शिवलं नाही.

पुढं तू पर्यटकांना माहिती सांगायला लागलास. साहेबांनी लिहून दिलेला कागद तू पाठ केला होतास. शाळांच्या सहली यायच्या, कॉलेजचे प्राध्यापक यायचे. तू काठी टेकून उभा राहायचास आणि म्हणायचास, ही चौकी कंपनी सरकारने बांधली, भिंतीची जाडी एवढी, जंग्या एवढ्या, येथे कोणती तुकडी होती याची नोंद मिळत नाही. मी एकदा मुद्दाम त्या घोळक्यात उभा राहिलो. तू मला पाहिलंस, तरी ते वाक्य गाळलं नाहीस. सोननाकच्या पणतूने सोननाकच्या चौकीत उभं राहून सांगायचं की इथं कोण होतं कुणास ठाऊक. घोळक्यातल्या एकाने पांढऱ्या भिंतीबद्दल विचारलं. तू म्हणालास, जुनी रीत दाखवायला ठेवली आहे.

तरी तोवर आपण बोलत होतो. एकदा त्याच पायरीवर बसून मी तुझ्यामागे लागलो होतो की साहेबांना सांग, भिंत दाखव, निदान आपल्या माणसांची नावं तरी इतिहासात येतील. तू घाटाकडे बघत म्हणालास, "त्यांच्या बंदुका कुणीकडं व्हत्या? डोंगराकडं. डोंगरात कोण व्हतं? आपल्यावानीच उपाशी माणसं. ह्येबी लिवशील का पाटीवर?" मी म्हणालो, लिहीन, आधी नावं तर लिहू दे. तू हसलास आणि विषय सोडून दिलास. मला वाटलं, टाळतोय. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पेठकडची, त्या डोंगरातली माणसं दुकानात पाटी करून घ्यायला आली की मला तो आठवायचा. त्याचं उत्तर मी तुला देणार होतो. नीट, बसून. ते राहिलं.

मग पाटी आली. एशियाडचं वर्ष. चौकीसमोर निळ्या रंगाचा मोठा पत्रा उभा केला होता आणि त्यावर इतिहास लिहायचा होता. साहेबांना माझं नाव तूच सुचवलंस. टाइप केलेला मजकूर माझ्या हातात दिलास, आणि शेवटचं वाक्य तेच, नोंद उपलब्ध नाही. मी म्हणालो, मी हे लिहिणार नाही. तू म्हणालास, लिही, दुसरा पेंटर आला तर तोही हेच लिहिणार, निदान अक्षर तरी चांगलं येईल. हा तुझा युक्तिवाद. आणि मी गाढव, मी तो ऐकला. सकाळभर उन्हात उभा राहून मी माझ्या हाताने, माझ्या सगळ्यात चांगल्या वळणात लिहिलं की माझ्या पणज्याची नोंद उपलब्ध नाही.

दुपारी साहेब जेवायला खाली गेले. पत्र्यावर खाली वीतभर जागा उरली होती. मी एक ओळ वाढवली: वस्तीतील माहितीप्रमाणे सोननाक व इतर अकरा शिपाई येथे होते, त्यांची नावे आतील भिंतीवर आहेत. तू जेवणाचा डबा घेऊन आलास. माझ्यासाठी आणलेला. ओळ वाचलीस, डबा पायरीवर ठेवलास, माझ्याच पिशवीतला टर्पेंटाईनचा डबा आणि फडकं काढलंस आणि ओली अक्षरं पुसायला लागलास. मी तुझा हात धरला.

"हात सोड," तू म्हणालास. "पुरावा दाव अन् मग लिव."

"किल्ली दे. भिंत खरवडून दाखवतो पुरावा."

"तिथं काय नाय. किती येळा सांगू?"

तेव्हा मी ते बोललो. दोन मजूर आणि सहलीची पोरं बघत होती. मी म्हणालो, "आईला हायेत म्हणतोस, मला नाय म्हणतोस. खाकी कपड्यासाठी पणजा विकलास."

तू फडक्याची घडी घातलीस, ते माझ्या पिशवीत परत ठेवलंस, आणि जाऊन शिपायांच्या खोलीला कुलूप लावलंस. डबा तसाच राहिला. मी तो न उघडता निघालो. त्या पत्र्यावर आजही खालच्या वीतभर जागेत निळा रंग जरा फिका दिसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, ऊन लागून उडाला.

त्यानंतरची वर्षं काय सांगू. दिवाळीच्या सुमारास तू कुणाच्या तरी हाती नव्या तांदळाची पिशवी पाठवायचास आणि मी ती शेजाऱ्याला द्यायचो. माझी बायको म्हणायची, तांदळाने काय घोडं मारलंय. दर बुद्धपौर्णिमेच्या आधी तुझं कार्ड यायचं. दोनच ओळी: खुशाल आहे. चुना द्यायला ये. वस्तीतली नवी पोरं आता नोकऱ्यांना लागली होती, वर चढायला कुणाला सवड नव्हती. ती एक भिंत तू एकटाच रंगवत होतास. एका वर्षी मी उलट कार्ड टाकलं की तुझं खोटं झाकायला माझा कुंचा मिळणार नाही. त्यानंतरही कार्डं येत राहिली. तीच दोन वाक्यं. तुला कशाचा राग म्हणून यायचा नाही का रे? मी उभ्या गावात तुला सरकारचा कुत्रा म्हणत होतो आणि तू मला खुशाल आहे म्हणून कळवत होतास. समोरचा माणूस भांडतच नसेल तर भांडणाऱ्याने काय करावं?

जलदानविधी झाला त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर वहिनींनी तुझी किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली. सोमवारी साहेबांच्या हवाली करायची होती. मी ती घेतली नसती. पण आई म्हणाली, दादा गेला, आता ती नावं बघितलेलं माणूसच उरलं नाही. तिला टेकडी चढवत नाही आणि वाचता येत नाही. ती म्हणाली, "तू अक्षरांतला माणूस. एकदा जा, डोळ्यांनी वाच, अन् मला सांग." मी किल्ली उचलली. खरं सांगतो, मला आईची दया आली म्हणून नाही. मला तू खोटा होतास हे सिद्ध करायचं होतं. माझी योजना पक्की होती. नावं उघडी करायची, फोटोग्राफर आणायचा, आणि सोमवारी साहेबांना किल्लीबरोबर त्यांचा प्रामाणिक चौकीदारही परत करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुट्टीची पत्ती, हातोडी आणि तारेचा ब्रश घेऊन वर गेलो. तुझी काठी दाराशी टेकलेली होती. ती बाजूला ठेवली आणि डोळ्यांच्या उंचीवर, मधोमध, जिथं बाबा हात ठेवून नावं म्हणायचे तिथं पत्ती घातली. बाबांच्या वेळच्या चुन्याचा थर बोटभर तरी जाड असायला हवा होता. पत्ती सरळ दगडाला लागली. थर पातळ, पापडासारखे सुटणारे, मोजले तर जेवढी वर्षं तू नोकरी केलीस तेवढेच. म्हणजे तू ही भिंत त्या आठवड्यात शेवटपर्यंत खरवडली होतीस, तळाच्या दगडापर्यंत.

आणि दगडावर काही नव्हतं.

मी एक हात भिंत मोकळी केली, मग दोन हात, मग ओंजळभर पाणी मारत जवळजवळ सगळी. ऊन दाराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकलं. गवंड्याच्या टाकीच्या, छिन्नीच्या, तिरक्या रेघा होत्या. एका दगडाला गंजलेला खिळा होता. नाव एकही नव्हतं. सोननाक नव्हता, त्याच्यामागचे अकरा नव्हते. आजोबांनी काय पाहिलं, बाबांनी काय ऐकलं, मला माहीत नाही. झिजून गेलं म्हणावं तर दगड काळा फत्तर, त्यावरची गवंड्याची बारीक रेघही जागच्या जागी होती. मी तुझ्या पायरीवर येऊन बसलो. माझ्या नाकातोंडात चुना गेला होता आणि मला तुझा इतका राग आला होता की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. कारण तू मला खरं सांगितलं होतंस. तिथं काही नाही, असं तू मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस.

डाव्या कोपऱ्याचा खालचा भाग तेवढा राहिला होता. उकिडवं बसल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. उरलंय ते उरकून टाकावं म्हणून मी बसलो आणि तिथला चुना काढला. चुन्याखाली एक रेघ निघाली. आडवी, तीन वितींची, टाकीने खोदलेली. सोननाक शिपाई एवढं आरामात मावेल इतकी लांब. रेघेखाली सो होता. त्याच्या शेजारी न होता. बाकीची रेघ रिकामी होती.

मी अक्षरांतला माणूस आहे, दादा. जुन्या कोरीव अक्षराच्या कडा बोथट होतात, या बोटाला लागत होत्या. आणि आधी रेघ ओढून मग अक्षरं टांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला.

म्हणजे असं झालं होतं. मजुरांना घरी पाठवून तू एकट्याने ती भिंत खरवडलीस. खाली आई वाट बघत होती. भिंतीवर काही निघालं नाही, तेव्हा तू टाकी घेतलीस आणि नाव तयार करायला बसलास. तू, पुरावा दाखव म्हणणारा. पूर्ण नावाची रेघ ओढलीस, दोन अक्षरं कोरलीस आणि थांबलास. का थांबलास? लाज वाटली? कुणाची चाहूल लागली? का त्या डोंगरातल्या माणसांची आठवण झाली? मला एवढंच हवं आहे, बाकी काही नको, आणि एवढंच आता मिळणार नाही. तू थांबलास, चुना कालवलास, भिंत झाकलीस, आईला हायेत म्हणालास आणि मला नाय म्हणालास. आणि पुढं मी वाटेल ते बोलत गेलो ते ऐकून घेतलंस. ही दोन अक्षरं एकदा मला दाखवली असतीस तर काय बिघडलं असतं? मी हसलो असतो. कदाचित दोघेही हसलो असतो. तुला मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय.

माझ्या पिशवीत हातोडी होती. टाकी शेजारच्या छोट्या खोलीत, तुझ्या खुंटीला. रेघ तयार होती. मी नावं पूर्ण केली असती तर तुझ्यासारखी गचाळ झाली नसती. जुनं वळण मला येतं, कडा घासून बोथट कशा करायच्या तेही येतं. खाली अकरा नावं ओळीने बसली असती. खात्याचा फोटोग्राफर आला असता, पाटी बदलली असती, आणि ती मीच रंगवली असती. मी टाकी हातात घेतलीही. न च्या पुढं तिचं टोक लावलं. तुझ्या न चा दांडा जरा वाकडा गेला आहे. तिथंच तू थांबला असशील. मीही थांबलो. ज्या पायरीपाशी उभं राहून मी तुला चारचौघांत खोटारडा ठरवलं होतं, ती पायरी मला दारातून दिसत होती.

दारूगोळ्याच्या खोलीत रांजण होता. यंदाच्या पौर्णिमेसाठी तू कळी आधीच भिजवून ठेवली होतीस. वर स्वच्छ पाणी, खाली चुना लोण्यासारखा. शेजारी दोन कुंचे होते. एक वापरून झिजलेला, एक कोरा. तो कोरा कुणासाठी ठेवला होतास ते मी कुणाला विचारणार नाही. मी त्यानेच भिंत रंगवली, आधी डावा कोपरा, मग बाकीची. हात चालताना तोंडातून नावं आपोआप येत होती. बाराच्या बारा आली. दुसरा हात देऊन कुलूप लावलं आणि खाली उतरलो.

आई ओट्यावरच होती. माझे चुन्याने भरलेले हात तिने धरले.

"वाचली का रं?"

"वाचली."

"समदी?"

"बारा."

"पयलं कुणाचं?"

"सोननाकचं."

तिने पदराने माझी बोटं पुसली. म्हणाली, "दादाबी हेच सांगायचा. तुलाच का नाय म्हणायचा, काय कळलं नाय मला."

सोमवारी मी साहेबांना किल्ली दिली आणि सांगितलं की नमुन्याच्या भिंतीला दर वर्षी चुना मी देईन, नाशिकहून येऊन. ते म्हणाले, भावाचं काम पुढं नेताय, चांगलं आहे. मी त्यांना काही सांगितलं नाही. माझा राग उतरलेला नाही, दादा, आणि तू निवांत जा असंही मी म्हणणार नाही. आईने जे विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि तेच मला जेवू देत नाही. सगळ्या वस्तीत खरं तू एकट्या मला सांगितलंस, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही.